माझ्या तोंडून गेलेले निरोप

प्रभाकर सरांनी आपल्या बापाला फसवलं, आणि त्या फसवणुकीसाठी माझं तोंड वापरलं. मला न विचारता वापरलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत अंदाज बांधत बसायला नको. नावं मी बदलली आहेत. माणूस तोच आहे, आणि हा अंक त्याच्या हातात पडला की तो स्वतःला बरोबर ओळखेल.

या अंकाच्या संपादकांनी मला म्हटलं, ‘मावशी, रुग्णसेवेतले हृद्य अनुभव लिहा.’ मी म्हटलं, अनुभव लिहिते, हृद्य होतील याची हमी देत नाही.

मी चांदूर रेल्वे या गावची. शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण पलंगाशेजारी झालं. आधी अमरावतीतल्या एका खासगी दवाखान्यात आया म्हणून, मग लोकांच्या घरी. आता माझे गुडघे बस म्हणतात. पण मी तयार केलेल्या अकरा बाया आज अमरावती आणि अकोल्यात लोकांची अंथरुणाला खिळलेली माणसं सांभाळतात, आणि त्यातल्या एकीचंही काम मी घासाघीस केल्याशिवाय ठरवलेलं नाही. घासाघीस म्हटलं की लोकांना पैसे आठवतात. पैशाची दोन मिनिटांत संपते. आमच्या धंद्यात खरी घासाघीस होते ती खुर्चीवरून.

खुर्ची ही माझी पहिली अट. पलंगाला लागून, पाठीची, पलंगाच्या उंचीची. घरचे लोक दाराजवळ प्लास्टिकचं स्टूल ठेवतात आणि म्हणतात, ‘मावशी, तुम्ही इथं बसा, हाक मारली की या.’ मी तिथूनच परत निघते. पडून राहिलेल्या माणसाला दिवसभर काय दिसतं, हे कोणी एकदा आडवं होऊन पाहावं. छत दिसतं, पंखा दिसतो, आणि माणसं आली की त्यांच्या हनुवट्या आणि नाकपुड्या दिसतात. जो तो उभ्यानं बोलतो. त्याच्या डोळ्यांच्या रेषेत कोणीतरी बसलं पाहिजे. निम्मं काम तिथं होतं. दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा आणि माकडहाड तपासणं, तोंड आतून पुसणं, हे सगळं शिकवता येतं. बसायला शिकवणं जड जातं.

दुसरी अट, पेशंटच्या देखत त्याच्याबद्दल माझ्याशी बोलायचं नाही. ‘हे जेवले का’ असं मला विचारायचं नाही, त्यालाच विचारायचं. उत्तर देता येत नसेल तरी विचारायचं.

अकोल्याला पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त साहेब होते. माझ्याआधीच्या तीन बायांच्या अंगावर त्यांनी ताट भिरकावलं होतं. माझ्या अंगावर खिचडीची वाटी आली. राग मलाही येतो, आणि लवकर येतो. मी साडी पुसली, खुर्चीत बसले, माझा डबा उघडला आणि त्यांच्यासमोर जेवायला लागले. म्हटलं, ‘साहेब, तुमचं फेकून झालं. मले भूक लागली.’ अर्ध्या तासानं छताकडे पाहत त्यांनी विचारलं, ‘भाजी काय आहे?’ अंबाडीची होती. मी चमचा भरला नाही, डबा त्यांच्या डाव्या हाताशी सरकवला. सांडलं, पण खाल्लं. डावा हात धड असताना वर्षभर लोक त्यांना लहान पोरासारखं भरवत होते. ताट भिरकावण्यामागे एवढंच होतं.

तिसरी अट मला अकोल्यानंच शिकवली, आणि ती माझ्या चुकीतून आली. एका बाईंना पोटाचा कॅन्सर होता. घरच्यांनी त्यांना आतड्याला सूज आहे असं सांगितलं होतं आणि मलाही तेच सांगायला लावलं. त्या रोज विचारायच्या, ‘बाई, मी बरी होईन ना?’ मी रोज म्हणायचे, हो. त्यांचं सख्ख्या बहिणीशी बारा वर्षं बोलणं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात म्हणाल्या, ‘बरी झाली का पहिले तिच्याकडे जातो.’ मी म्हटलं, नक्की जा. बहीण आली ती मातीला. पायरीवर बसून मला म्हणाली, ‘मले एक फोन तं करायचा होता कोनी.’ तेव्हापासून मी तिसरी अट घातली. पेशंटशी मी खोटं बोलणार नाही आणि मला कोणी बोलायला लावायचं नाही. ज्याला सांगायचं नसेल त्यानं न सांगावं, ते त्याच्यापाशी. पण माझ्या तोंडून खोटं जाणार नाही. या अटीवर मी चांगली चांगली घरं सोडली आहेत.

प्रभाकर सरांना मी या तिन्ही अटी त्यांच्याच क्लासच्या ऑफिसात बसून सांगितल्या होत्या. राजापेठेत त्यांचा गणिताचा क्लास, वरच्या मजल्यावर घर. खाली पोरापोरींच्या गाड्या इतक्या दाटीनं लागलेल्या की जिन्यापर्यंत आडवं होऊन जावं लागे. सर मऊ बोलणारे, हुशार. पहिल्या दोन अटींवर त्यांनी वाद घातला. खुर्ची ठेवली तर खोलीत जागा उरत नाही म्हणाले. मी टेपनं मोजून दाखवलं. तिसरी अट मात्र त्यांनी लगेच मान्य केली. ‘योग्यच आहे,’ म्हणाले. घासाघीस करणाऱ्या माणसानं हे ओळखायला हवं होतं. समोरचा जिथं वाद घालत नाही, तिथं जास्त बारकाईनं पाहावं.

पेशंट म्हणजे सरांचे वडील. मी त्यांना बाबाजी म्हणत असे. तेल्हाऱ्याकडचे; आयुष्यभर भाजीपाला आणि गेंदा, म्हणजे झेंडू, पिकवला आणि स्वतः बाजारात बसून विकला. लकव्यानं उजवी बाजू गेली, मग शेत ठोक्यानं, म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून दुसऱ्याला कसायला दिलं आणि दोन मुलांनी आईबापाची वाटणी केली. आपल्याकडे हे होतं, आणि करणाऱ्यांना त्यात वावगं वाटत नाही. बाप अमरावतीला थोरल्याकडे, आई अकोल्याला धाकट्याकडे. धाकट्याच्या घरी लहान मूल होतं, म्हणून आई तिकडे. पन्नास वर्षं एका बांधावर भांडलेली दोन माणसं अशी दोन गावांत गेली.

बाबाजींची जीभ जड झाली होती. शब्दाचं साल निघून नुसता गर बाहेर यावा, असं बोलायचे. सरांना कळत नसे, नातवंडांना कळत नसे. मला पंधरा दिवसांत कळायला लागलं, कारण मी त्यांच्या तोंडासमोर बसत होते. डोळेही काचबिंदूनं गेल्यासारखेच. माणूस आला की सावली दिसायची. पण डावा हात शाबूत होता आणि तो हात विलक्षण होता. मी रोज सकाळी स्वयंपाकघरातून भाजी आणून त्यांच्या हातात द्यायचे. ते वांगं फिरवून म्हणायचे, ‘कालचं हाय.’ काकडी दाबून म्हणायचे, ‘कडू निंघते.’ कडू निघायची. बाबाजींनी पास केलेलीच भाजी घरात शिजायची, हे मी ठरवून टाकलं. मॅडम, म्हणजे सरांच्या बायको, आधी हसल्या, मग त्याही पिशवी घेऊन तपासायला आणू लागल्या. पडलेल्या माणसाला औषधाइतकंच एखादं काम लागतं. ते खोटं काम असून चालत नाही. त्याच्या सांगण्यावरून घरात काहीतरी बदललं पाहिजे.

रोज दुपारी चारला अकोल्याचा फोन यायचा. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवायचे. बाबाजी बोलायचे, मी ते शब्द सोलून आईंना सांगायचे. आईंचं ते थेट ऐकायचे. आई काही गोड बोलणाऱ्या नव्हत्या.

‘बुढ्यानं दाढी केली काय आज?’

‘नाही म्हणतात.’

‘अस्वल दिसत असन. त्याले म्हना, मी येऊन राहिली, तवा पयले दाढी कर.’

बाबाजी पोट हलवून हसायचे आणि विचारायचे, गुडघा कसा आहे, मोटरचं काम झालं का, ठोकेदारानं गेंदा लावला का. रोज तीनचार प्रश्न. मला त्या घरातलं काही आवडत असेल तर ते चार वाजता.

मग एके दिवशी सर म्हणाले, ‘आईच्या कानाला त्रास झालाय. डॉक्टरांनी फोन लावायचा नाही म्हटलंय. आता निरोप मीच घेऊन सांगत जाईन. तुम्ही बाबांना सांगा.’ त्याच दिवशी ते अकोल्याला गेले. तिकडे क्लासची शाखा काढायची आहे, दहाबारा दिवस लागतील, असं मला सांगितलं. मॅडम मधूनमधून जाऊन येत. रात्रीला माझीच एक बाई असायची, दिवसा मी. चारच्या सुमारास सरांचा मला फोन यायचा. ‘आई बरी आहे. तब्येतीला जपा म्हणाली.’

शाळेची नोटीस वाचावी तसं ते यायचं. मला वाटलं, सर कोरडे आहेत, आईचं बोलणं त्यांच्या तोंडात बसत नाही. आणि इथं मी माझी हुशारी वापरली. वर्षभर मी त्या बाईचा आवाज ऐकला होता. ‘तब्येतीला जपा’ हे मी बाबाजींना तसंच कसं सांगू? मी सांगितलं, ‘आई म्हणतात, बुढा गोळ्या उशीखाली दडवते, मले मालूम हाय, उशी झाडून पाहा.’ गोळी खरंच उशीखाली होती. बाबाजी हसले. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं घातलं. रोज निरोप एका ओळीचा यायचा आणि माझ्याकडून पाच ओळींचा जायचा. ही माझी कारागिरी होती आणि मला तिचा अभिमान होता. तिसरी अट मोडते आहे असं एकदाही मनात आलं नाही. मूळ निरोप खरा आहे, मी फक्त त्याला त्या बाईचा आवाज देते, असं मी धरून चालले होते.

बारा दिवसांनी सर परत आले. डोक्यावर टोपी. रोज सकाळी क्लासला उतरण्यापूर्वी बापाच्या पाया पडायची त्यांची पद्धत होती, आणि बाबाजी डावा हात डोक्यावर ठेवायचे. त्या दिवशी सर टोपीसकट वाकले.

हाताला कापड लागलं तसे बाबाजी म्हणाले, ‘टोपी काढ.’

मी सरांना सांगितलं. सरांनी टोपी काढली. डोकं गुळगुळीत होतं. बाबाजींचा हात त्यावर पडला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला. बोटं मागे मानेपर्यंत गेली, परत कपाळावर आली. वांगं तपासायचे तशी. मग त्यांनी काही विचारलं. ते मीच सरांना मोठ्यानं सांगितलं.

‘बालाजीले जाऊन आला काय, म्हणतात.’

सरांनी हातातल्या टोपीची घडी केली. मग म्हणाले, ‘हो बाबा. नवस होता. सांगायचं राहिलं.’

‘परसाद?’

‘आणतो. बॅगेत आहे.’

संध्याकाळी एक मोठा लाडू आला. बाबाजींनी तो नाकाशी नेला आणि माझ्या हातात दिला. ‘तू खाय.’ मी खाल्ला. तिरुपतीच्या लाडवाला कापराचा वास असतो म्हणतात. याला नव्हता. राजापेठेतल्या कोणत्याही दुकानात मिळतो तसला बुंदीचा लाडू होता. पण मी तिरुपतीचा कधी खाल्लेला नव्हता.

मला कोणी विचारेल, बाई, तुला कळलं कसं नाही? आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात केस उतरवणं नाही, दहावं नाही, पिंड नाही. आमच्याकडे माणूस गेला तरी मुलाच्या डोक्यावरचे केस तसेच राहतात. तरी ही सबब मी पुढे करणार नाही. इतकी वर्षं हिंदूंच्या घरांत वावरले, सुतकाचं डोकं मी शंभर वेळा पाहिलेलं आहे. पण बालाजीचं कारण बापानं स्वतः दिलं. बापच म्हणतो नवस, तर मी कोण शंका घेणार? ज्याला विचारायचा हक्क होता त्यानंच उत्तर पुढे केलं, आणि मी खुर्चीत बसून ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

त्यानंतर सर चारला खालून, क्लासमधून फोन करून निरोप सांगायचे. पण एक गोष्ट बदलली होती. निरोप ऐकून ते पूर्वीसारखेच हसायचे, पण प्रश्न विचारणं त्यांनी बंद केलं. गुडघा नाही, मोटर नाही, गेंदा नाही. मी जे सांगेन ते ऐकायचं, हसायचं, भिंतीकडे तोंड करायचं. टाचेवरचा लाल डाग मला रुपयाएवढा होण्याआधी दिसतो. हे दिसलं नाही.

जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. माझा हात धरून म्हणाल्या, ‘धन्य आहे मावशी तुमची. आम्हाला नसतं जमलं.’ मला वाटलं हगणंमुतणं काढते त्याबद्दल म्हणतात. मी ऐटीत म्हटलं, ‘सवय लागते काकू.’

पुढे माझ्या एका बाईचं अकोल्यातल्या घरी वाजलं म्हणून मला तिकडे जायचं होतं. बुधवार होता. सकाळी बाबाजींना म्हटलं, ‘अकोल्याला चालली. आईंले भेटून येऊ काय?’

त्यांनी सावलीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘राहू दे बाई. किती करशीन.’

मला वाटलं, माझ्या गुडघ्यांची काळजी. मी हट्टी. त्यांनी पास केलेली चार वांगी पिशवीत घातली आणि बाईचं भांडण मिटवून धाकट्याच्या घरी गेले.

दार वंदनानं उघडलं. ही धाकटी सून. कडेवर मूल.

‘मी अमरावतीची मावशी. आईंले भेटायले आली. आता कान कसा आहे?’

ती माझ्याकडे पाहतच राहिली. ‘मावशी, तुमी असं काहून विचारून राहिल्या? आईले जाऊन दीड महिना झाला ना.’

मी पिशवी खाली ठेवली.

‘कोन सांगतलं नाही तुमाले? भाऊजी तं म्हनले, मावशीले सगळं मालूम हाय. मावशीच सांभाळून घेते. आईसारखंच बोलून दाखवते म्हने बाबांले. आमी तं इथं ऐकून रडलो, आन हासलो बी.’ मग तिचा आवाज खाली आला. ‘मावशी, तुमाले खरंच मालूम नव्हतं?’

छातीत दुखलं आणि तासाभरात संपलं, असं तिनं सांगितलं. मी पाणीसुद्धा न पिता निघाले. वांगी तिथंच राहिली.

संध्याकाळी सरांच्या ऑफिसात गेले. बाहेर पोरं वह्या घेऊन थांबली होती. सरांनी दार लावून घेतलं.

‘सर, बाई मेली आन तुमी माह्या तोंडानं तिले बोलवून राहिले.’

‘मावशी, हळू. डॉक्टर म्हणाले होते, धक्का सहन होणार नाही.’

‘मंग चूप राहायचं होतं. आई बोलत नाही, एवढंच सांगायचं होतं. निरोप कोन द्यायले सांगतला होता?’

‘बाबा चारला वाट पाहतात. तुम्हीच पाहता ना.’

‘माही अट?’

आता गणिताचा माणूस काय म्हणाला ते ऐका. ‘तुमची अट मी मोडलेली नाही. तुम्ही खोटं बोलणार नाही असं ठरलं होतं. तुम्हाला माहीतच नव्हतं, म्हणजे तुम्ही खोटं बोललाच नाहीत. मी तुम्हाला सांगितलं असतं तर अट मोडली असती.’

टेबलावरचा डस्टर माझ्या हातात आला होता. तो मी परत ठेवला. आयुष्यभर मी लोकांना शब्दात पकडत आले. त्या दिवशी मला माझ्याच शब्दात पकडणारा भेटला.

म्हटलं, उद्या मी त्यांना सांगणार. सर हात जोडायला लागले. म्हणाले, मुलगा म्हणून मला सांगू द्या, तुमच्या तोंडून कळलं तर मी त्यांना तोंड दाखवू शकणार नाही. धाकटा भाऊ रविवारी येतो, दोघं मिळून सांगतो, डॉक्टरांनाही बोलावतो. तोवर गप्प राहा. हे मला पटलं, कारण हे मुलांचंच काम होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. पाच ओळींचे ते निरोप माझे होते. मी रविवारपर्यंत कबूल झाले, एका अटीवर. निरोप बंद.

गुरुवारी चार वाजले. बाबाजींनी मान माझ्याकडे वळवली. मी म्हटलं, ‘आज निरोप नाही, बाबाजी.’ त्यांनी हूं केलं.

शुक्रवारी पुन्हा चार वाजले. मी पुन्हा म्हटलं, नाही. त्यांनी डाव्या हातानं माझा हात शोधला.

‘थकली?’

‘नाही, बाबाजी.’

‘बस झालं. लय दिवस केलं तू.’ मग एकेक शब्द ढकलत म्हणाले, ‘डोक्यावर हात ठेवला तवाच समजलं. पोट्टं घाबरलं होतं. मीच देल्लं त्याले बालाजीचं कारन.’

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं नव्हतं. ते कधीच येऊन गेलं असावं, भिंतीकडे तोंड करून.

‘तू सांगे तं थोडी जित्ती वाटे,’ ते म्हणाले. ‘म्हनून ऐको.’

तेव्हा मी रविवारचा करार बाजूला ठेवला. म्हटलं, ‘बाबाजी, मले मालूम नव्हतं. मी परवा अकोल्याले गेली, तवा मले समजलं. तुमची आन, मले खरं वाटे.’

त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं. म्हणाले, ‘हो, हो.’

हे ‘हो, हो’ मला चांगलं ओळखीचं आहे. ओल्या चादरीत पडलेला पेशंट जेव्हा शपथेवर सांगतो की चादर मी ओली केली नाही, तेव्हा मी त्याला असंच थोपटते आणि असंच म्हणते. त्याची लाज राखण्यासाठी. बाबाजींनी माझी लाज राखली. मी न केलेल्या गुन्ह्याची मला माफी मिळाली, आणि ती परत करायला वेळ मिळाला नाही. शनिवारी सकाळी आठला मी जिना चढले तेव्हा दारात चपला होत्या. पहाटे दुसरा झटका आला होता.

घरात माणसं जमली. धाकटा आला, वंदना आली. बाबाजींना खाली घेतलं होतं. त्यांच्या उशाशी उभं राहून प्रभाकर सर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, ‘आई गेल्याचं मावशींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण शेवटपर्यंत बाबांना कळू दिलं नाही.’ लोक मला हात जोडत होते. जिन्यातल्या काकूंनी डोळे पुसले. वंदना माझ्याकडे पाहत होती. तिला खरं माहीत होतं आणि ती थोरल्या दिरापुढे बोलू शकत नव्हती. मी रागीट बाई आहे, असं अमरावतीत कोणीही सांगेल. त्या दिवशी मी गप्प बसले, कारण मधे बाबाजी होते. नंतर दोनदा क्लासवर गेले. दोन्ही वेळा सर वर्गात होते.

याचा परिणाम काय झाला तेही सांगते. महिन्याभरात राजापेठेतूनच दोन घरांचे मला फोन आले. ‘तुम्हीच ना त्या मावशी, ज्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही? आमच्या आईलाही काही सांगायचं नाहीये. तुमच्यासारखी एखादी बाई पाठवा.’ इतक्या वर्षांत मी खरं बोलण्याचं नाव कमावलं. खोटं बोलण्याच्या नावावर मला कामं यायला लागली. दोघांनाही मी नाही म्हटलं. आणि माझ्या बायांसाठी तिसरी अट मी वाढवली आहे. आता आमची बाई निरोप पोचवत नाही. ज्याचा निरोप असेल त्यानं खुर्चीत बसून स्वतः सांगावा. खुर्ची आम्ही मोकळी करून देतो.

माझी चूक मी लिहून मोकळी झाले. एका ओळीच्या पाच ओळी मी केल्या, आणि एका मेलेल्या बाईचा आवाज तिच्या नवऱ्याला ऐकवत राहिले. त्या आवाजानं त्यांना बरं वाटलं असेलही. पण ते बरं वाटणं मला खोटारडी धरून होतं. जिच्यापाशी मन मोकळं करता आलं असतं, अशी त्या खोलीत मी एकटीच होते. महिनाभर त्यांनी बायकोचं दुःख माझ्यापासूनही लपवलं, कारण त्यांना वाटलं मीही लपवणाऱ्यांतलीच.

आता तुम्ही, प्रभाकर सर. वर्गात तुम्ही पोरांना काय सांगता ते मी जिन्यातून ऐकलेलं आहे. नुसतं उत्तर लिहू नका, कसं आलं ते पायरी पायरीनं दाखवा. मग दाखवा. दार लावलेल्या ऑफिसात तुम्ही म्हणालात, मावशीला माहीत नव्हतं, म्हणून अट मोडली नाही. बापाच्या उशाशी म्हणालात, मावशीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. यातलं एकच खरं आहे. ते कोणतं, हे ज्यांच्यासमोर दुसरं बोललात त्यांच्यासमोर येऊन सांगा. जिन्यातल्या काकूंना सांगा, तुमच्या भावाला सांगा, हात जोडणाऱ्या त्या सगळ्यांना सांगा. वंदनाला सांगायची गरज नाही, तिला फक्त बोलू द्या.

बाबाजींना सांगायचं तुम्ही रविवारी ठरवलं होतं. तो रविवार त्यांनी पाहिला नाही. मी अजून आहे. कोणत्या रविवारी येता, तेवढं कळवा.